खाली मोकळं, वर जड

मैत्रेयीला एका प्रश्नाचा भारी राग यायचा. इमारत तपासून ती जिना उतरते न उतरते तोच खाली उभं असलेलं कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, बिल्डिंग मजबूत हाय का कच्ची?" आता माणूस दवाखान्यात जाऊन 'मी जगणार की मरणार' असं विचारतो का? विचारतो म्हणा, पण शहाणा डॉक्टर काही उत्तर देत नाही. यवतमाळच्या कॉलेजात ती पोरांना इमारतींचं गणित शिकवायची, आणि पहिल्याच दिवशी सांगायची की इमारतीला पास-नापास करू नका. धक्का केवढा आला तर ती कशी वागेल, ते विचारा. लहान धक्क्यात नुसतं प्लास्टर तडकेल का? मधल्या धक्क्यात भिंती गेल्या तरी आतली माणसं जिवंत बाहेर येतील का? आणि मोठ्या धक्क्यात ती उभी तरी राहील, की बसेल खाली? तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि मग माणसानं ठरवायचं. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेत 'इमारत मजबूत आहे' असंच लिहून यायची.

महागाव, उमरखेडकडच्या लोकांना तोवर भूकंप म्हणजे टीव्हीत दाखवतात ती गोष्ट वाटायची. मग हिंगोलीच्या बाजूनं धक्के यायला लागले. एका सकाळी मांडणीवरची भांडी वाजली, लोक टॉवेलवरच रस्त्यावर आले, आणि कोणाला मागे काय राहिलं याची शुद्ध नव्हती. पडलं फारसं काही नाही. पण भीती बसली. गावोगावच्या शाळा, क्लास, समाजमंदिरं, सगळ्यांना अचानक आपल्या इमारतीची काळजी वाटू लागली आणि मैत्रेयीच्या विभागाकडे अर्जांची रीघ लागली. ती आणि राजदीप जीप घेऊन निघायचे. राजदीप तिच्या विभागातला, तिच्याहून धाकटा आणि तिला न घाबरणारा एकटाच. खांबांवर हातोडीसारखं यंत्र मारून काँक्रीटचा जोर बघायचा, आत लोखंड किती आहे ते दुसऱ्या यंत्रानं शोधायचं, मापं घ्यायची, मग कॉलेजात येऊन सगळी इमारत संगणकात उभी करायची आणि तिला बाजूनं थोडं थोडं ढकलत न्यायचं. आधी कुठला खांब वाकतो, मग कुठला, ते तिथं दिसतं. राजदीप त्याला 'बिल्डिंगची धक्काबुक्की' म्हणायचा.

त्या अर्जांत एक अर्ज फुलसावंगीचा होता. सही होती बाबारावांची. बाबाराव म्हणजे मैत्रेयीचे वडील.

बाबारावांची ही इमारत काय आहे ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आयुष्यभर मास्तरकी केली, त्यांना गाव अजून गुरुजीच म्हणतं. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या लोकांना घेऊन विहार बांधलं. खाली हॉल आणि वर अभ्यासिका. हॉलला त्यांनी तीन बाजूंनी भिंतच घालू दिली नाही. नुसते खांब. चौथ्या बाजूला एकच भिंत, तिच्यासमोर बुद्धमूर्ती. मिस्त्री म्हणाला होता, गुरुजी, मधात दोन-चार भिंती घेऊ, दाराला कुलूप लागंन. गुरुजींनी ऐकलं नाही. लहानपणी ते शाळेत व्हरांड्यात बसून शिकले होते. आतला फळा त्यांना भिंतीच्या कडेनं अर्धा दिसायचा. "माया हॉलमंधी कोनाले 'आत येऊ का' म्हनून इचारा लागू नये," एवढंच ते म्हणायचे, आणि त्यावर कोण काय बोलणार?

वरच्या मजल्यावर मात्र पक्क्या विटांच्या भिंती होत्या आणि पुस्तकं होती. पुस्तकांचं असं झालं की मैत्रेयीची आई, सत्यभामाबाई, गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबारावांनी तिच्या नावानं लोखंडी कपाट भरून पुस्तकं दिली. 'कालकथित सत्यभामाबाई' असं पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं. ते पाहून पुढच्या वर्षी कोणीतरी आपल्या बापाच्या नावानं कपाट दिलं. मग तो रिवाजच पडला. घरात माणूस गेलं की अभ्यासिकेला एक कपाट. पुढं पुढं तर शेजारच्या तांड्यावरून अमरसिंग राठोडानंही आपल्या आईच्या नावाचं कपाट आणून ठेवलं. वस्तीची सगळी गेलेली माणसं वरच्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि त्यांच्या मधोमध सतरंजीवर बसून पोरंपोरी तलाठ्याच्या नाहीतर पोलीस भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. गच्चीवर लग्नाकार्यासाठी भली मोठी पाण्याची टाकी होती. थोडक्यात, इमारत खाली अगदी मोकळी आणि वर अगदी जड.

मैत्रेयीनं तपासणीला सुरुवात केली तेव्हा बाबाराव टेपचं दुसरं टोक धरून मागं मागं फिरले. लेक आपल्या इमारतीचं माप घेते, याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता की काय निघेल याची धास्तीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. खांबावर यंत्र मारलं की ते विचारायचे, "बरा हाय ना?" वरती उज्ज्वला अभ्यास करत बसली होती. अमरसिंगाची ही पोरगी. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे, तेव्हा ती आईच्या आईपाशी राहून रोज तांड्यावरून चालत इथं यायची, कारण घरी एक खोली, तीत शेळ्या आणि म्हातारीचा खोकला. यंत्राच्या आवाजानं तिनं मान वर केली.

"मॅडम, आमी उठू का?"

"बस ना. तुह्या अभ्यासाले काही होत नाही," मैत्रेयी म्हणाली.

कॉलेजात परत आल्यावर तिनं इमारत संगणकात ढकलली. जी भीती होती तेच निघालं. जे धक्के येऊन गेले होते तेवढ्यांना इमारत भीक घालत नव्हती. मधल्या धक्क्यात खालच्या खांबांची डोकी फुटत होती, पण माणसं बाहेर पडू शकत होती. मोठ्या धक्क्यात मात्र खालचा मजला, ज्याला त्या एका भिंतीपलीकडे आधारच नव्हता, एका बाजूला कलायचा आणि वरचा सगळा भार घेऊन खाली बसायचा. असा मोठा धक्का त्या भागात येण्याचा संभव फार थोडा. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे, हे तिनंच पोरांना शिकवलं होतं.

राजदीपनं आकडे पाहिले. "हे तर त्या पुसदच्या क्लाससारखंच हाय. उन्नीस-बीसचा फरक नाही. त्याईले जे सांगतलं थेच इथं सांग."

पुसदच्या त्या खासगी क्लासची इमारतही खाली गाड्यांसाठी मोकळी होती. त्यांना मैत्रेयीनं सांगितलं होतं, की टाकी रिकामी करा, वरचं जड सामान उतरवा, खांबांना तात्पुरते लोखंडी टेकू द्या, एका वेळी थोडी पोरं बसवा, आणि उन्हाळ्याच्या आत खाली चार ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालून घ्या. तोवर क्लास चालू द्या. सल्ला बरोबर होता. वाट्टेल त्या जाणकाराला विचारा, तो हेच सांगेल.

"इथं नाही सांगता येणार," मैत्रेयी म्हणाली.

"काहून?"

"बापाची बिल्डिंग हाय म्हनून सोडली, असं म्हनतीन लोकं."

"म्हनू दे ना. लोकं त काहीबी म्हनतेत."

पण मैत्रेयीच्या डोक्यात ते घट्ट बसलं होतं. रात्रंदिवस तिला एकच चित्र दिसायचं, की गावात कोणीतरी बोट दाखवून म्हणतंय, गुरुजीच्या पोरीनं गुरुजीले सूट देल्ली. त्या न बोललेल्या वाक्याला ती एवढी घाबरली की खऱ्या भूकंपालाही तेवढी घाबरली नव्हती. आपण ताठ आहोत, असं तिला वाटत होतं. खरं तर ती भेदरली होती, आणि भेदरलेलं माणूस स्वतःला ताठ म्हणवून घेतं तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. राजदीपनंही घातला नाही.

रविवारी हॉलमध्ये वंदना झाल्यावर बैठक ठरली. निदान आदल्या दिवशी येऊन बापाला एकट्याला सांगावं, एवढं तरी तिनं करायला हवं होतं. तेही तिनं मुद्दाम केलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे, असा तिचा नियम. वस्तीतली माणसं, बाया, अभ्यासिकेतली पोरं, तांड्यावरचा अमरसिंग, सगळे खांबांमधल्या मोकळ्या वाऱ्यात सतरंजीवर बसले होते. बाबाराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढं बसले होते, बक्षीस समारंभाला बसावं तसे.

मैत्रेयीनं सांगितलं. लहान धक्का, मधला धक्का, मोठा धक्का. शेवटी म्हणाली, "म्हनून माझा सल्ला असा हाय की खाली भिंती होईस्तोवर ही इमारत बंद ठेवावी. खालची बी आन् वरची बी."

मग अमरसिंगानं साधेपणानं विचारलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "ताई, मंग येवढ्या साली आमची पोरं वर बसून राह्यली व्हती, थे धोक्यातच बसली व्हती म्हना ना?"

तिनं काय उत्तर द्यायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, की दादा, रोज फटफटीवर तिघं बसून महागावला जाता त्यात याहून जास्त धोका आहे. ते खरंही होतं. पण ती म्हणाली, "होय."

"थ्या भिंती कोनं घालू देल्ल्या नाही मंग?" मागून कोणीतरी म्हणालं.

बाबाराव उठून उभे राहिले. गुडघ्यावर हात देऊन, हळूच. "मी," ते म्हणाले. "मिस्त्री घालतो म्हने. मीच नाही म्हनलं. इथं बसलेल्या सगळ्याइचे लेकरं मी आपल्या हातानं धोक्यात बसवले. तुमची सगळ्याइची माफी मांगतो." आणि त्यांनी हात जोडले.

ज्या माणसापुढं गावानं कायम हात जोडले, तो हात जोडून उभा होता, आणि समोर बसलेल्यांना कुठं पाहावं ते कळेना. मैत्रेयीला वाटलं, आपण पुढं होऊन ते हात धरावेत. ती जागची हलली नाही. त्याच दिवशी बाबारावांनी स्वतः जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि खालच्या खांबांना चहूबाजूंनी दोरी बांधली. जो हॉल कोणाला अडवायचा नाही म्हणून उघडा ठेवला होता, त्याला दोरी.

भिंती महिन्या-दोन महिन्यांत होतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. कसचं काय. माणसं हॉलमध्ये जमायची म्हणून त्यांच्यात ठराव व्हायचे, वर्गणी निघायची, भांडणं व्हायची आणि मिटायची. हॉलच बंद झाल्यावर जमायचं कुठं? एकदा कोणाच्या अंगणात बैठक झाली, तीत पाच-सहा जण आले. पुढच्या वेळी तेवढेही नाही. शिवाय गुरुजी पुढं होत नव्हते. पूर्वी ते दारोदार जायचे. आता म्हणायचे, "मले नका इचारू. मले त्यातलं समजत नाही." कोणाच्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं, पण त्यांच्याच मनात होतं, त्याला कोण काय करणार. पुसदच्या क्लासनं मात्र उन्हाळ्याच्या आत भिंती घालून घेतल्या. पोरं तिथं येतजात होती, म्हणून मालकाला घाई होती.

पावसाळ्यात उज्ज्वलाचा मैत्रेयीला फोन आला होता. "मॅडम, आमाले चावी भेटली त आमी आमच्या जबाबदारीवर बसू. आमी चौघीच हाव." मैत्रेयीनं तिला समजावून सांगितलं, की असं चालत नाही. बोलणं गोड होतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलावरच्या पेनाची उघडझाप करत बसली. चारच पोरी, टाकी रिकामी, कपाटं खाली, टेकू लावलेले असले, तर धोका किती उरतो, हे तिला कागदावर न मांडताही माहीत होतं.

मग दिवाळी झाली आणि त्या वर्षी उज्ज्वलाही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. अभ्यासच बंद आहे तर घरी बसून काय करायचं? परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती आणि घरात स्थळाचं बोलणं चालू होतं.

लग्नाला बाबाराव आणि मैत्रेयी दोघंही गेले. तांड्यावर मांडव होता, डीजे होता, आणि अमरसिंग घामाघूम होऊन प्रत्येकाला हाताला धरून जेवायला बसवत होता. उज्ज्वला नटूनथटून बसली होती. हातावरची ऊसतोडीची काळी भेग मेंदीतूनही दिसत होती. गुरुजी दिसताच ती उठली आणि त्यांच्या पाया पडली. मग मैत्रेयीकडे वळून हसली.

"मॅडम, खालच्या भिंती झाल्या का?"

"नाही झाल्या अजून."

"अस्सं? मले वाटलं, झाल्या असतीन. तिकडं येनंच झालं नाही." मग ती म्हणाली, "झाल्यावर सांगजा. याइले म्हनन मी, कधीमधी येत जाईन."

'याइले' म्हणजे शेजारी बसलेला नवरा. तो भला दिसत होता. मैत्रेयीनं मान हलवली आणि जेवणाच्या पंगतीकडे गेली.

उन्हं कलली तेव्हा बापलेक गावात परतले. बाबाराव घराकडे न वळता विहाराकडे वळले, आणि रस्त्याच्या कडेच्या पारावर बसले. समोर इमारत होती. एका धक्क्यानंही तिचं काही वाकडं झालं नव्हतं. दोरी कोणीतरी शेळ्या बांधायला नेली होती, पण आत कोणी जात नव्हतं. हॉलच्या फरशीवर वाऱ्यानं आणलेला पाला पडला होता आणि बुद्धमूर्तीवर बाबारावांनी घातलेलं पांढरं कापड धुळीनं मळलं होतं.

"पुसदच्या थ्या क्लासची बिल्डिंगबी खालून मोकळीच व्हती ना?" बाबाराव म्हणाले.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"राजदीप भेटला व्हता मागं यवतमाळले. म्हने, क्लास चालू ठेवून भिंती घातल्या."

"हो."

"इथंबी तसं चाललं असतं?"

खोटं बोलणं एकदम सोपं होतं. माती वेगळी, लोखंड वेगळं, काहीही म्हटलं असतं तरी त्यांना पटलं असतं. मैत्रेयीनं खाली पाहिलं. "चाललं असतं, बाबा. टाकी रिकामी करून, कपाटं खाली आनून, थोडीथोडी पोरं बसवून चाललं असतं."

"मंग काहून बंद केली?"

"लोकं म्हनले असते, बापाची म्हनून सोडली."

ते रागावतील, असं तिला वाटलं. रागावले असते तर बरंही झालं असतं. बाबाराव इमारतीकडे पाहत राहिले, आणि बोलले ते भलतंच.

"तू सातवीत व्हती, तवा तुया गनिताचा पेपर मीच तपासला व्हता. तुले पैकीच्या पैकी पडत व्हते. मी दोन मार्क कापले. उगाचच. लोकं म्हनतीन, मास्तरनं पोरीले वाढवून देल्ले. पहिला नंबर दुसरीकडं गेला तुया."

मैत्रेयीला तो पेपर आठवला. घरी येऊन तिनं ते गणित अंगणात बसून पुन्हा पुन्हा सोडवलं होतं. प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, आणि तरी तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपलंच कुठंतरी चुकतंय.

"मले वाटे, मायंच चुकलं."

"नव्हतं चुकलं."

"तुमी कधी सांगतलं नाही."

"तोंड झालं नाही. मास्तर कसा इमानदार हाय, असं लोकं म्हनत व्हते तवा. बरं वाटे मले." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "तू मायापासूनच शिकली हे. मले दिसून राह्यलं. पन मी केलं थे मायाच पोरीचं नुकसान केलं, मैत्रेयी. तू अमरसिंगच्या पोरीचं केलं."

तांड्याच्या बाजूनं गाड्यांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. वरात निघाली होती, आणि गावातून जायला रस्ता हाच होता. बाबाराव उठले नाहीत. मैत्रेयीही बसून राहिली, आणि गाड्या इमारतीसमोरून एकेक करून निघून जाईपर्यंत दोघांनीही मान वर केली नाही.